‘यात युद्ध कुठं आहे?’

‘ग्रबावित्सा’ हा बोस्नियन भाषेतला चित्रपट पाहिलेल्या चारजणांशी बोलावं, तर चौघांनी चार वेगळे चित्रपट पाहिलेत असं वाटतं. फिल्म सोसायटीत नेमानं जाणारे एक गृहस्थ म्हणाले, ‘युद्धपट म्हणून गेलो, तर यात युद्ध कुठंच नाही!’ दुसऱ्यांची तक्रार अशी की चित्रपट एकतर्फी आहे, समोरच्यांनीही सोसलंच असेल की. तिसऱ्यांचं मत, इतक्या वर्षांनी जुन्या जखमा उकरून काय मिळतं? आणि आमच्याच गटातल्या दोघीतिघींना शेवट खटकला. त्यांचं म्हणणं या सगळ्यांहून वेगळं आणि जास्त विचार करायला लावणारं, त्याकडे नंतर येते.

चित्रपट म्हटला की मतभेद आलेच, ज्याची त्याची आवड, असं म्हणून विषय मिटवता आला असता. पण ज्या देशात हा चित्रपट घडतो तिथं त्याच्या निमित्तानं कायदा बदलला, आणि त्याच देशाच्या जवळजवळ निम्म्या भागात तो चित्रपटगृहात लागलाच नाही. तेव्हा कोण काय म्हणतं आणि का म्हणतं, हे जरा नीट तपासायलाच हवं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगते. यास्मिला झ्बानिच या दिग्दर्शिकेचा हा पहिला मोठा कथापट, 2006 सालचा. त्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला ‘गोल्डन बेअर’ हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं. ग्रबावित्सा ही सारायेव्हो शहरातली एक वस्ती. युगोस्लाव्हिया फुटल्यावर 1992 ते 1995 या काळात बोस्नियात जे युद्ध झालं त्यात सुमारे एक लाख माणसं मेली. सारायेव्होला जवळजवळ चार वर्षं वेढा पडला होता, आणि तेव्हा ही वस्ती बोस्नियन सर्ब फौजांच्या ताब्यात होती. चित्रपट मात्र सुरू होतो तो युद्ध संपून दहाएक वर्षं झाल्यावर. एस्मा ही एकटी बाई आणि तिची बारा वर्षांची मुलगी सारा. युद्धापूर्वी एस्मा डॉक्टरकीचं शिकत होती. आता रात्री एका नाइटक्लबात वेट्रेसचं काम करते.

साराच्या शाळेची सहल निघायची असते. वर्गणी 200 युरो. ज्यांचे वडील युद्धात शहीद झाले त्या मुलांना सवलत, फक्त तसं प्रमाणपत्र आणायचं. (बोस्नियन भाषेत शब्द ‘शेहिद’, म्हणजे आपला शहीद ज्या अरबी मुळातून आला तोच.) सारा लहानपणापासून ऐकत आलीय की आपले बाबा शहीद झाले. ती आईच्या मागे लागते, कागद आण. आई टाळाटाळ करते आणि मुकाट्यानं ओळखीपाळखीत पैसे जमवत सुटते. शेवटी सारा वर्गमित्राकडचं पिस्तूल आईवर रोखते, तेव्हा खरं बाहेर पडतं. एस्मा छावणीत कैद होती. तिथं तिच्यावर पुन्हा पुन्हा बलात्कार झाले. सारा त्यातून झालेली.

आता पहिला आक्षेप. यात युद्ध कुठं आहे?

एस्मा गर्दीच्या बसमधून चाललेली असते. शेजारी एक माणूस येऊन उभा राहतो, शर्टाची बटणं उघडी, छातीवर केस, गळ्यात साखळी. त्यानं काही केलेलं नाही. ती मधेच उतरून जाते. घरी मायलेकींची मस्ती चाललेली असते, हसणं-खिदळणं; खेळता खेळता मुलगी आईला खाली पाडते आणि दोन्ही हात दाबून धरते. त्याच क्षणी एस्माचं हसू मावळतं. मुलीला काहीच कळत नाही. क्लबातला रखवालदार पेल्दा तिला विचारतो, तुला कुठंतरी पाहिलंय, आणि उलगडतं ते असं की सामूहिक कबरी उकरून काढलेली प्रेतं ओळखायला दोघंही जात असत, आपापल्या बापाला शोधायला. आपण लग्नकार्यात भेटलो होतो म्हणावं तितक्या सहजपणे ते हे बोलतात.

हे युद्ध नव्हे तर काय? रणगाडा दिसला नाही, बाँब फुटला नाही, म्हणून ज्यांना युद्ध सापडलं नाही त्यांनी ते कुठं शोधलं ते पाहा. युद्ध म्हणजे पुरुष पुरुषांशी लढतात ते, अशी व्याख्या आधीच मनात धरून ते खुर्चीत बसले होते. एकदा ती धरली की बायकांवर गुदरतं ते ‘युद्धाचे दुष्परिणाम’ या सदरात जातं, धान्यटंचाई आणि रोगराईच्या शेजारी. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाला ही व्याख्या मोडावी लागली. फोचा या गावात बायका-मुलींना घरांत आणि सभागृहांत डांबून ठेवलं होतं. त्या प्रकरणात फेब्रुवारी 2001 मध्ये तिघांना 28, 20 आणि 12 वर्षांच्या शिक्षा झाल्या, आणि बलात्कार व लैंगिक गुलामगिरी हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरले. ते ठरलं कारण बायका हेगपर्यंत गेल्या आणि ज्यांनी हे केलं त्यांच्यासमोर उभं राहून बोलल्या. बोस्नियातल्या अशा बायकांची संख्या 20 ते 50 हजार असावी असा अंदाज नेहमी दिला जातो. नेमका आकडा कधीच कळणार नाही, कारण त्यातल्या पुष्कळजणी एस्मासारख्या गप्प राहिल्या.

आणखी एक गोष्ट. संपूर्ण चित्रपटात बलात्काराचा एकही प्रसंग दाखवलेला नाही, पूर्वस्मृती म्हणूनसुद्धा नाही. आपल्या हिंदी सिनेमानं वर्षानुवर्षं तो प्रसंग करमणुकीचा माल म्हणून विकला. नायिकेची किंकाळी, फाटलेली बाही, कॅमेरा कुठं फिरतो ते सांगायला नको. त्यावर पोसलेल्या नजरेला ‘ग्रबावित्सा’ संथ वाटला तर नवल नाही! झ्बानिचनं ती नजर उपाशी ठेवली. मला तर हीच तिच्या चित्रपटातली सर्वांत धाडसाची गोष्ट वाटते.

दुसरा आक्षेप एकतर्फीपणाचा. हा आपल्याकडे कुणी सहज बोलून जातं, पण त्याचं मूळ गाव निराळं आहे. 1995 च्या शांतता करारानं बोस्नियाचे दोन भाग झाले, एक बोस्नियाक-क्रोएट फेडरेशन आणि दुसरा सर्बबहुल ‘रिपब्लिका सर्प्स्का’. बर्लिनचं पारितोषिक घेताना झ्बानिचनं व्यासपीठावरून बोलून दाखवलं की कराजिच आणि म्लाडिच हे युद्धगुन्ह्यांचे आरोपी अजून युरोपात मोकळे फिरताहेत आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. (पुढे पहिला 2008 साली आणि दुसरा 2011 साली पकडला गेला, दोघांनाही जन्मठेप झाली.) रिपब्लिका सर्प्स्कामधल्या चित्रपटगृहांनी मग हा चित्रपट लावला नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांनीच तो सर्बांविरुद्धचा प्रचार आहे असं ठरवलं. एस्माचं काम मिर्याना कारानोविच या बेलग्रेडच्या, म्हणजे सर्ब अभिनेत्रीनं केलंय, आणि अंगावर काटा यावा असं केलंय. तिच्याकडे तिथल्या राष्ट्रवाद्यांनी गद्दार म्हणूनच पाहिलं.

आता, सर्ब बायकांवर बलात्कार झाले नाहीत का? झाले. चेलेबिची इथली छावणी बोस्नियाक आणि क्रोएट लोकांची होती, कैदी सर्ब होते. तिथं सर्ब बायकांवर झालेले बलात्कार हा छळच आहे असा निकाल याच न्यायाधिकरणानं 1998 साली दिला आणि छावणीच्या उपप्रमुखाला त्यासाठी दोषी धरलं. आम्ही हे लपवत नाही. बलात्कार करणाऱ्याची जात, धर्म, झेंडा बघून आमचा निषेध ठरत नाही, आणि ठरत असेल तर आम्ही आमची दुकानं बंद करावीत. पण ‘दुसरी बाजू दाखवा’ म्हणून जे ओरडत होते, त्यांनी त्या दुसऱ्या बाजूच्या बायकांसाठी काय केलं? रिपब्लिका सर्प्स्कामध्ये युद्धातल्या लैंगिक छळाच्या बळींना मान्यता देणारा कायदा आला 2018 साली! फेडरेशननंतर बारा वर्षांनी. म्हणजे वादविवादात सर्ब बाई हवी होती ती समोरच्याच्या तोंडावर फेकायला. ती दारात अर्ज घेऊन आली तेव्हा कुणी घरी नव्हतं.

‘समतोल’ या शब्दाचा मला हल्ली संशयच येतो. एका बाईची गोष्ट ऐकताना दुसऱ्या बाईची आठवण काढायची ती पहिलीला गप्प करायला, ही युक्ती आपल्याही ओळखीची आहे. फाळणीच्या वेळी पळवल्या गेलेल्या बायकांचं नाव निघालं की ‘त्यांनीही केलं’, ‘आमच्यांनीही केलं’ असा पुरुषांचा हिशेब सुरू होतो, आणि बायका वजाबाकीत निघून जातात. बेलग्रेडमध्ये 1991 पासून ‘विमेन इन ब्लॅक’ गटाच्या बायका काळे कपडे घालून, आपल्याच सरकारनं चालवलेल्या युद्धाविरुद्ध चौकात उभ्या राहत होत्या, शिव्या खात होत्या. त्यांना समतोलाची गरज पडली नाही.

जुन्या जखमांबद्दल फार लिहीत नाही. जखम कुणाची, आणि जुनी झाली हे ठरवणारे आपण कोण?

इथवर लिहिणं सोपं होतं. आता आमच्या मैत्रिणींचा आक्षेप. चित्रपटाच्या शेवटाकडे एस्मा बायकांच्या केंद्रात पहिल्यांदा तोंड उघडते. गर्भ पडावा म्हणून पोटावर बुक्क्या मारल्या, बाळ जन्मलं तेव्हा तोंड पाहायचं नाही म्हणाले, पण दूध फुटलं, एकदाच पाजते म्हणाले, आणि ते इवलंसं सुंदर बाळ हातात आलं, असं ती सांगते. प्रेक्षकांत डोळे पुसले जातात. आमच्यातली एकजण चिडून म्हणाली, ‘म्हणजे शेवटी आईपणानं सगळं धुऊन काढलंच ना! जिला दूध फुटूनही बाळ नको झालं तिचं काय? ती वाईट बाई?’

हा प्रश्न खोडून काढण्यासारखा नाही. 1993 साली, युद्ध चालू असताना, पोप जॉन पॉल दुसरे यांनी सारायेव्होच्या आर्चबिशपना पत्र लिहिलं होतं. मूल निर्दोष आहे, हिंसेच्या कृत्याचं रूपांतर प्रेमाच्या आणि स्वीकाराच्या कृत्यात करायला या बायकांना मदत करा, असा त्याचा आशय होता. रोममध्ये बसून हे सांगणं किती सोपं! ज्यांनी गर्भपात केले, ज्यांनी मुलं अनाथालयात सोडली, त्यांच्या वाट्याला मग अपराधीपणच यायचं. एस्माची गोष्ट पडद्यावर आली आणि त्यांची आली नाही, हे खरं आहे. कोणाची गोष्ट लोकांना सहन होते, यावर कोणती गोष्ट सांगितली जाईल ते ठरतं. मुलाला छातीशी धरणारी पीडित स्त्री सगळ्यांनाच सहन होते.

तरीही मी चित्रपटाच्या बाजूनं इतकंच म्हणेन की झ्बानिचनं मुलीलाही गप्प बसवलेलं नाही. खरं कळल्यावर सारा आपलं डोकं भादरून टाकते, कारण ‘तुझे केस बाबांसारखे’ असं आईनं कधीतरी सांगितलेलं असतं. ही काही आईच्या मायेनं निवलेली पोर नाही. शेवटी ती सहलीच्या बसमध्ये बसते, आई हात हलवते, तीही अगदी शेवटच्या क्षणी हलवते. झालं. मिठी नाही, अश्रू नाहीत. आमची मैत्रीण यावर समाधानी नाही, आणि तिनं व्हायलाच हवं असंही नाही.

याच युद्धावरच्या आणखी एका चित्रपटावरून झालेला वाद इथं सांगायला हवा, कारण त्यात बायकांनाच मूर्ख ठरवलं गेलं. 2010 साली अँजेलिना जोली ही अमेरिकन नटी ‘इन द लँड ऑफ ब्लड अँड हनी’ हा आपला चित्रपट बोस्नियात चित्रित करणार होती. बोस्नियाक स्त्री आणि सर्ब पुरुष, युद्धापूर्वीची ओळख, मग ती छावणीत कैदी आणि तो तिथला अधिकारी, असं कथानक. बलात्कारित स्त्री बलात्काऱ्याच्या प्रेमात पडते अशी गोष्ट आहे, अशी वदंता पसरली. युद्धपीडित बायकांच्या एका संघटनेनं जोरदार हरकत घेतली, आणि फेडरेशनच्या सांस्कृतिक मंत्र्यांनी चित्रीकरणाची परवानगी काढून घेतली. काही दिवसांनी परत दिली. जगभरच्या शहाण्यांनी या बायकांना सुनावलं, आधी चित्रपट तर पाहा! कलावंताचं स्वातंत्र्य वगैरे. 2011 अखेर युद्धपीडित बायकांना चित्रपट दाखवला गेला, आणि पाहणाऱ्यांनी त्याची प्रशंसा केली. मग काय, ‘बघा, उगाच आरडाओरड केली होती’ म्हणायला सगळे मोकळे.

मला हे मुळीच पटत नाही. मंत्र्यानं परवानगी काढून घेणं चूकच. सरकारच्या हातात कात्री दिली की ती उद्या आपल्यावरच चालते. पण बायकांनी भीती व्यक्त करण्यात काय चुकलं? कैद करणारा आणि कैदी यांच्यातलं ‘प्रेम’ हा सिनेमाचा फार जुना लाडका विषय आहे. ज्यांच्यावर ते गुदरलं त्यांना, पडद्यावर जाऊन आपलं काय होणार याची धास्ती वाटली तर त्यांना तिकीट काढून गप्प बसा म्हणायचं? आणि चित्रपट पाहून झाल्यावर ज्यांना तो पटला, त्यांनी ते उघडपणे सांगितलंही. एवढा मोकळेपणा मी फारच थोड्या समीक्षकांमध्ये पाहिलाय.

परत ‘ग्रबावित्सा’कडे. त्याच्या प्रेक्षकांमध्ये एक वर्ग असा होता की जो चर्चा करत बसला नाही. फेडरेशनमध्ये तेव्हा नागरी युद्धपीडित म्हणून भत्ता मिळवायचा तर शरीराची 60 टक्के हानी सिद्ध करावी लागे. हात तुटला, डोळा गेला तर टक्के धरता येतात. एस्माचे किती टक्के? तिच्या अंगावर काहीच दिसत नाही. तिला ना सैनिक म्हणून मान्यता, ना शहिदाची विधवा म्हणून, ना जखमी नागरिक म्हणून. चित्रपटातल्या शाळेत जो कागद मागितला जातो तो तिच्याकडे नाही एवढ्यावर हे थांबत नाही. तिच्यासाठी तसा कागद छापलेलाच नाही. पारितोषिकाचा गाजावाजा चालू असतानाच स्त्री संघटनांनी सह्यांची मोहीम काढली. त्यात झ्बानिच होती, आणि ऐन युद्धात, 1993 साली, झेनित्सा गावात अशा बायकांसाठी केंद्र उघडणारी ‘मेदिका’ ही संस्था होती. चित्रपटगृहांतून बाहेर पडणारे प्रेक्षक सह्या करत. त्याच वर्षी, 2006 मध्ये, कायदा दुरुस्त झाला. युद्धातल्या बलात्काराच्या बळींचा वेगळा वर्ग मान्य झाला आणि त्यांच्यापुरती टक्क्यांची अट गेली.

महाराष्ट्रातल्या आपल्या पिढीला हे टक्क्यांचं गणित ऐकून काहीतरी आठवायला हवं. मथुरा प्रकरणात, 1972 साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत घडलेल्या गुन्ह्यात, सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं तेव्हा मुलीच्या अंगावर जखमांच्या खुणा नाहीत हाच एक मोठा आधार घेतला होता. त्यावर चार प्राध्यापकांनी 1979 साली सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, 1980 साली बायका रस्त्यावर आल्या, आणि 1983 साली कायदा बदलला. खूण दाखव, मग विश्वास ठेवू! सारायेव्होत काय आणि चंद्रपुरात काय, सरकारी टेबलाची भाषा किती सारखी असते पाहा.

कायदा झाला म्हणजे सगळं झालं असं मात्र नाही. भत्ता मिळाला तो युद्धात अपंग झालेल्या सैनिकाच्या भत्त्याहून कमी. शिवाय अर्जाला पुन्हा एक प्रमाणपत्र लागे, आणि ते द्यायचा अधिकार सुरुवातीला एकाच संघटनेकडे होता. म्हणजे आपल्यावर बलात्कार झाला हे आधी एका ऑफिसात जाऊन पटवून द्यायचं. त्यावरून संघटनांमध्ये भांडणं झाली. ती टाळता आली असती का, मला माहीत नाही. पण सरकारनं प्रमाणपत्राचा शिक्का एकाच्या हातात दिला की बाकीच्या रांगेत उभ्या राहतात, हे आपण इथल्या योजनांमध्येही पाहतोच.

आणि सारा? 2006 च्या कायद्यात एस्माला जागा झाली, साराला नाही. ज्या मुलांचा जन्मच या बलात्कारांतून झाला त्यांची आपली संघटना बोस्नियात 2015 साली उभी राहिली. शाळेच्या फॉर्मपासून सगळीकडे असलेला वडिलांच्या नावाचा रकाना, हा त्यांच्या लढ्यातला एक मोठा मुद्दा. वर्गात सगळ्यांसमोर शिक्षक विचारतात आणि मूल उत्तर बनवतं, किंवा गप्प राहतं. ब्रच्को या छोट्या स्वतंत्र जिल्ह्यानं 2022 साली या मुलांना युद्धपीडित म्हणून पहिल्यांदा मान्यता दिली. फेडरेशननं त्यांना स्वतंत्र वर्ग म्हणून मान्य करणारा कायदा 2023 साली केला. तोवर त्यातली बहुतेक तिशीला आली होती.